विमाने राखण्याची लढाई

१६ मे १९४० रोजी ब्रिटनच्या फायटर कमांडचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांनी हवाई मंत्रालयास एक पत्र लिहिले. फ्रान्स कोसळत होता, तेथून लढाऊ विमानांची मागणी सारखी येत होती आणि ती पुरवण्याकडे पंतप्रधान चर्चिल यांचा कल होता. डाउडिंग यांनी पत्रात केवळ हिशेब मांडला. स्वदेशाच्या रक्षणासाठी ५२ स्क्वाड्रन आवश्यक ठरवण्यात आल्या होत्या. हाती उरलेले बळ ३६ स्क्वाड्रनइतके होते. तेही फ्रान्समध्ये खर्ची पडले, तर फ्रान्सचा पराभव हाच ब्रिटनचा अखेरचा पराभव ठरेल.

त्या वर्षीच्या हवाई संग्रामाचा विचार करताना हे पत्र नजरेसमोर ठेवावे लागते. जर्मनीला समुद्र ओलांडून सैन्य उतरवायचे होते आणि त्यासाठी आधी आकाश मोकळे हवे होते. शरद ऋतूतील खवळलेला समुद्र ती वाट बंद करणार होता. तेव्हा शत्रूची सर्व विमाने पाडणे हे डाउडिंग यांचे उद्दिष्ट असू शकत नव्हते. तोवर आपले दल शिल्लक राहावे, एवढेच त्यांना साधायचे होते. ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. पण बाँब पडत असताना विमाने राखून ठेवणाऱ्या सेनापतीवर लोक प्रसन्न नसतात.

स्पिटफायरचे नाव श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. त्या मानाने हरिकेन उपेक्षित राहिले. वास्तविक हरिकेनच्या स्क्वाड्रन संख्येने अधिक होत्या आणि ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडलेल्या शत्रू-विमानांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्याच वाट्याची होती. या विमानाच्या मागील भागावर कापड ताणलेले असे. गोळ्यांनी पडलेली भोके तळावरच ठिगळे लावून बुजवता येत. जर्मनांचे मेसरश्मिट १०९ हे विमान हरिकेनपेक्षा वेगवान आणि स्पिटफायरच्या तोडीचे होते. त्याच्या इंजिनात इंधन थेट फवारले जाई, म्हणून त्याचा वैमानिक नाक खाली दाबून सरळ सूर मारू शके. ब्रिटिश विमानांच्या मर्लिन इंजिनाला कार्ब्युरेटर होता. तसाच सूर मारला की इंजिन क्षणभर गचके खाई. म्हणून त्यांचे वैमानिक आधी विमान उलटे करीत आणि मग खाली झेपावत. तेवढ्यात शत्रू निसटलेला असे. मात्र या जर्मन विमानाची टाकी लहान होती. लंडनवर पोहोचल्यावर त्याच्याजवळ लढण्यासाठी जेमतेम दहा मिनिटे उरत.

विमानांची तुलना येथे थांबवलेली बरी, कारण निर्णायक गोष्ट जमिनीवर होती. डोव्हरजवळ समुद्र अवघा ३४ किलोमीटर रुंद आहे. तो ओलांडण्यास बाँबफेकी विमानांना सहा-सात मिनिटे पुरत. स्पिटफायरला वीस हजार फूट चढण्यास त्याहून अधिक वेळ लागे. आकाशात सतत पहारा ठेवायचा म्हटले, तर इंजिने आणि माणसे आठवडाभरातच थकली असती. म्हणून सूचना आधी मिळणे हाच सारा प्रश्न होता. किनाऱ्यावर शंभर मीटरहून उंच पोलादी मनोऱ्यांची रडार केंद्रे उभी होती. ती केवळ समुद्राकडे पाहत. शत्रू किनारा ओलांडून आत आला, की निरीक्षक दलाचे सुमारे तीस हजार लोक दुर्बिणीने त्याचा माग काढत. केंद्रांकडून येणाऱ्या वार्ता पुष्कळदा परस्परविरोधी असत. स्टॅनमोर येथील मुख्यालयात त्या पारखून, जुळवून मगच पुढे पाठवल्या जात.

नियंत्रण कक्षात एका मोठ्या मेजावर नकाशा पसरलेला असे आणि हवाई दलातील तरुणी लांब काठ्यांनी त्यावर खुणा सरकवीत. भिंतीवरील घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या व निळ्या भागांत विभागलेली होती. ज्या रंगावर काटा असताना वार्ता आली, त्याच रंगाचा बाण मेजावर ठेवला जाई. त्यामुळे कोणती खबर ताजी आणि कोणती शिळी, हे वरच्या सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे.

जर्मनांनी या यंत्रणेवर घाव घातला नाही असे नाही. १२ ऑगस्टला व्हेंटनरचे रडार केंद्र त्यांनी बंद पाडले. परंतु तीनच दिवसांनी गोअरिंग यांनी अशा हल्ल्यांच्या उपयोगाविषयी शंका व्यक्त केली आणि ते जवळजवळ थांबले. २४ ऑगस्टपासून लंडनभोवतीच्या तळांवर मारा सुरू झाला, तो मात्र जिव्हारी लागणारा होता. केनली तळाचा नियंत्रण कक्ष खाटकाच्या एका जुन्या दुकानात हलवावा लागला. ६ सप्टेंबरपर्यंतच्या दोन आठवड्यांत १०३ वैमानिक ठार आणि १२८ गंभीर जखमी झाले. विमाने कारखान्यांतून येत होती; अनुभवी माणसे कोठून येणार? डाउडिंग यांनी उत्तरेकडील काही स्क्वाड्रनमधून कसलेले वैमानिक काढून दक्षिणेस धाडले. ७ सप्टेंबरला जर्मनांनी आपला रोख लंडनकडे वळवला. तळांना उसंत मिळाली. तिची किंमत लंडनच्या गोदीभागातील गोरगरिबांनी मोजली.

याच सुमारास ब्रिटिश सेनापतींमधील मतभेद विकोपाला गेला. आग्नेय भागाचे प्रमुख कीथ पार्क एकेक किंवा दोन-दोन स्क्वाड्रन पाठवीत. बाँब पडण्यापूर्वी शत्रूला गाठावे आणि आपली सर्व विमाने एकाच वेळी इंधनासाठी जमिनीवर सापडू नयेत, हा त्यांचा विचार होता. त्यांच्या उत्तरेकडील विभागाचे प्रमुख ली-मॅलरी यांना पाच-पाच स्क्वाड्रनचा एकत्रित प्रहार हवा होता. असा मोठा ताफा आकाशात जुळवण्यात वेळ जाई. पण त्याने पाडलेल्या विमानांचे आकडे भरघोस सांगितले जात आणि वरिष्ठांवर त्यांचा प्रभाव पडे. १५ सप्टेंबरला १८५ विमाने पाडल्याचे जाहीर झाले. खरा आकडा साठच्या आसपास होता. एकच शिकार अनेक वैमानिक प्रामाणिकपणे आपली समजत, आणि ताफा जितका मोठा तितका हा घोळ वाढे. मात्र आकडा फुगलेला असला तरी परिणाम खराच होता : १७ सप्टेंबरला हिटलरने आक्रमणाचा बेत बेमुदत पुढे ढकलला.

या लढाईत फायटर कमांडच्या सुमारे २,९०० वैमानिक व सहकाऱ्यांपैकी ५४४ जण मृत्यू पावले. नोव्हेंबरमध्ये डाउडिंग यांना पदावरून दूर करण्यात आले, डिसेंबरमध्ये पार्क यांची रवानगी प्रशिक्षण विभागात झाली आणि त्यांची जागा ली-मॅलरी यांना मिळाली. रात्रीचे बाँबहल्ले रोखता आले नाहीत, हा डाउडिंग यांच्यावरचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. परंतु विमानात बसवण्याजोगे रडार त्या वेळी बाल्यावस्थेत होते.

जुलै १९४२ मध्ये पार्क यांच्याकडे माल्टा बेटाचे हवाई संरक्षण सोपवण्यात आले. आता त्यांच्याजवळ पुरेशी स्पिटफायर विमाने आणि रडारची पूर्वसूचना होती. शत्रू बेटावर येण्याची वाट न पाहता, त्याला उत्तरेस समुद्रावरच अडवावे असा आदेश त्यांनी दिला, आणि काही आठवड्यांतच बेटावरील दिवसाचे हल्ले खूपच ओसरले.