भेदभावाचा पुरावा

१९०० सालच्या नोव्हेंबरात साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. प्रवेश मिळाला खरा. परंतु शाळेत बसावयाचे गोणपाट घरून आणावे व घरीच न्यावे लागे, आणि शिपाई नसेल तर पाणीही मिळत नसे! हा भेद इतका उघड होता की, श्रोतेहो, तो शाबीत करावयाचा प्रश्नच नव्हता. परदेशीही तेच. टेक्सास विद्यापीठाने १९४६ साली हेमन स्वेट यांस कायद्याच्या वर्गात घेण्याचे नाकारले, ते केवळ कृष्णवर्णीय म्हणून, आणि कारण न लपविता. १९५० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांस प्रवेश देवविला.

आता असे कारण कागदावर कोण लिहितो? समजा, सांगलीतील एखाद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाने अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास खोली नाकारली. उत्तर येते, ‘जागा नाही’. मनातील हेतू साक्षीदाराने पाहावा कसा? १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, यावर शहाणपणाची तोड काढली आहे. त्यातील बाराव्या कलमाप्रमाणे, अपराध ठरणारे कृत्य अशा विद्यार्थ्याबाबत घडले, की ते अस्पृश्यतेमुळेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे. तसे नव्हते हे दाखविण्याचा भार आरोपीवर. मात्र नकार मिळाला, ही गोष्ट फिर्यादीपक्षासच शाबीत करावी लागते. तेव्हा अर्जाची पोच, लेखी नकार आणि मागाहून खोल्या मिळालेल्यांची यादी, एवढे कागद विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून जपून ठेवावेत.