शिकाऊ उमेदवाराचे पहिले दिवस

(विहाराच्या वर्धापनदिनी तरुणांसमोर केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. माझा जन्म लेथ मशीनवर गेला. पण आपल्या गल्लीतली काही मुले आय.टी.आय. पास होऊन कारखान्यात अप्रेंटिस लागणार आहेत, त्यांना दोन शब्द सांगा, असा मंडळाचा आग्रह झाला. म्हणून उभा आहे.

परवा एका मुलाने विचारले, "काका, साहेबांवर छाप कशी पाडायची?" त्याला माझीच गोष्ट सांगितली. तीच आज सांगतो.

मी अप्रेंटिस असताना २५ मिलिमीटरचा शाफ्ट कापायला दिला होता. मायक्रोमीटरवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ माझ्याकडून चुकीची वाचली गेली आणि माल अर्धा मिलिमीटर जास्त कापला गेला. कमी कापले तर पुन्हा कापता येते, जास्त कापलेले परत जोडता येत नाही. मी घाबरलो. कोणी बघत नाही असे पाहून तो तुकडा भंगाराच्या पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी नगांची मोजदाद झाली. एक कमी! संशय आला रोजंदारीवरच्या हेल्परवर. बिचारा हात जोडून उभा. त्याची रोजी जाणार होती. मला राहवेना. पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, चूक माझी आहे." साहेब खूप बोलले. पण संध्याकाळी आमच्या उस्तादांनी जवळ बसवून मायक्रोमीटर पुन्हा पहिल्यापासून शिकवला. त्या दिवसापासून ते मोजमापाचे काम माझ्यावर सोपवू लागले. मित्रांनो, छाप पडली ती तिथे. पण एक दिवस उशिराच, याची रुखरुख आजही आहे.

आता कामाच्या चार गोष्टी. पाळी सुरू होण्याच्या दहा मिनिटे आधी जागेवर असा. सैल कपडे, अंगठी, हातातला दोरा मशीनजवळ नको. चकची चावी चकमध्ये विसरू नका. कीस हाताने नाही, ब्रशने काढा. मोबाईल पेटीत ठेवा. खिशात छोटी वही असू द्या. सांगितलेले काम एकदा उलट बोलून दाखवा, "असे करायचे ना?" म्हणून. समजले नसताना मान डोलावू नका. आपल्या घरातली कारखान्यात जाणारी ही पहिलीच पिढी असेल, विचारायची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण विचारल्याने माणूस लहान होत नाही, माल बिघडल्यावर मात्र होतो. सुटताना मशीन पुसून, तेल देऊन मगच निघा.

आपला हक्कही माहीत असू द्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तुम्ही शिकणारे आहात, कामगार नव्हे. म्हणून करार लेखी असावा, त्याची नोंदणी व्हावी आणि ठरलेले विद्यावेतन मिळावे. वर्षभर नुसते झाडू मारायला लावले तर नम्रपणे विचारा, "साहेब, आमचे शिक्षण कधी?" नम्र असणे म्हणजे मुके असणे नव्हे. आणि न केलेल्या कामाच्या नोंदीवर सही करू नका.

पालकांनाही विनंती आहे. अप्रेंटिसशिप संपली की त्याच कारखान्यात कायम नोकरी मिळेलच, असे नाही. तशी नोकरी लागली नाही तर पोराला नालायक म्हणू नका. हातातले कसब आणि परीक्षेचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ राहते. शिवाय एखादा उस्ताद दुसरीकडे सांगतो, "पोरगा खरा आहे, घ्या." माझी पहिली कायम नोकरी अशाच शब्दावर लागली.

तेव्हा मुलांनो, चूक झाली तर तिसऱ्याच्या माथी जाण्याआधी स्वतः सांगा. एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम!