दसरा चौकातून सीमेकडे

निपाणी, बेळगाव, खानापूर, चंदगड, जतहून पहाटेची एसटी धरून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,



या सभागृहाबाहेर पडलात की कोल्हापूरचा दसरा चौक लागतो. मधोमध राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा, भोवती जैन, मुस्लिम अशा समाजांची विद्यार्थी बोर्डिंगं. महाराजांनी मदत दिली, कारभार ज्या त्या समाजाच्या हाती ठेवला. त्याने संस्थान दुबळं झालं नाही. माणसं ते आपलं मानू लागली.

ते संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. 1956च्या पुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा आमच्याकडे आला. बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. पुढचं सगळं आपण भोगलंय, 2004 पासून सीमेचा दावा कोर्टात आहे, ते मी आपल्याला काय सांगू?

माझ्या मावशीचं सासर निपाणीजवळच्या खेड्यात. काका गेल्यावर जमिनीला वारस लावायची नोटीस आली, ती कन्नडमध्ये. मावशी ती चार घड्या घातलेली नोटीस पिशवीत घालून कोल्हापूरला आली. आमच्या घरातही कुणाला वाचता येईना. ओळखीच्या एका कन्नड गुरुजींनी वाचून सांगितली, तोवर हरकतीची मुदत टळून गेली होती. हक्काची जमीन, आणि तिचा कागद परका!

आता उलट बाजूने, महाराष्ट्रातल्या जतकडे बघा. पूर्व भागातल्या गावांनी कर्नाटकात जायची भाषा केली आणि 2022 मध्ये दोन्ही राज्यांत रान पेटलं. त्या गावांत कन्नड बोलतात हे खरं, पण गाऱ्हाणं पाण्याचं होतं. म्हैसाळ योजनेचं पाणी त्यांच्या शिवारात पोचलं नव्हतं. घसा कोरडा पडलेल्या माणसाला आपण कोणत्या तोंडाने अस्मिता शिकवायची?

सीमाभाग महाराष्ट्रात यावा, यावर मी ठाम आहे. म्हणूनच विचारतो, येणाऱ्या गावाच्या हाती आपण काय देणार? आमच्याच महापालिकेवर नोव्हेंबर 2020 पासून पाच वर्षं प्रशासक बसला. गटार तुंबलं तर जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक नव्हता. याची मला खंत वाटते. पण 18 ऑगस्ट 2025 पासून इथे उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, वकिलांनी वर्षानुवर्षं लढून ते मिळवलं. चंदगडच्या पक्षकाराला तारखेसाठी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागायची. आता तो सकाळी भाकरी बांधून निघतो आणि दिवे लागायच्या सुमारास घरी पोचतो. आम्ही मागतो ते असं राज्य.

म्हणूनच आजचं पहिलं सत्र गावकऱ्यांचं ठेवलंय. विद्वान मंडळींनी आधी ऐकावं, ही विनंती. आणि ज्यांनी आपापले कन्नड कागद आणलेत त्यांच्यासाठी दाराशी टेबल मांडलंय. दोन कन्नड गुरुजी तिथे संध्याकाळपर्यंत बसणार आहेत. संकोच न करता त्यांच्याकडून वाचून घ्या.