मुस्तफा कोण घेणार?



कवी रेडिओवर बोलणार म्हटलं की लोक कविता ऐकायची तयारी ठेवून बसतात. मी मात्र आज व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असं तुम्हाला वाटेल. माझ्या बायकोलाही वाटलं. पण गेले काही महिने माझा आणि माझ्या भाच्याचा एका जुन्या खेळावरून वाद चालला आहे, आणि तो वाद फिरून फिरून माझ्याच दाराशी येतो. प्रश्न साधा आहे. अभिजात कशाला म्हणायचं, आणि ते कोणी ठरवायचं?

गोष्ट सुरू होते १९९४ साली, घाटकोपर पश्चिमेला. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, विषय मराठी. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एका व्हिडिओ गेम पार्लरच्या गल्ल्यावर नोकरी. पार्लर म्हणजे काय, तर एक अरुंद गाळा, भिंतीला टेकून पाच मशीन आणि डोक्यावर घरघरणारा पंखा. दाराला जाड पडदा. उजेड आत आला की मशीनवरचं चित्र नीट दिसत नाही, आणि रस्त्याने जाणाऱ्या आईबापांना मात्र आपलं पोर नीट दिसतं. एक रुपया दिला की मी एक टोकन द्यायचो. शेठ हिशेबाला पक्का होता, पण गिऱ्हाईक नसताना मी अभ्यास केला तर काही म्हणायचा नाही. गल्ल्यावर पुस्तक उघडून बसतो म्हणून मुलं मला 'मास्तर' म्हणत.

त्या दिवाळीच्या सुमारास एक नवं मशीन आलं. खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला होता. मूळ कथा अमेरिकन चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथेची. पुढच्या कुठल्या तरी शतकात डायनोसॉर परत आले आहेत, काही गुंड त्यांची शिकार करताहेत, आणि चारजण त्यांना वाचवायला निघालेत. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. पूर्ण नाव मुस्तफा कैरो. चौघांत सगळ्यात चपळ. धावत येऊन त्याने लाथ मारली की समोरचे दोघंतिघं एकदम आडवे.

आठवड्याभरात मुलांनी खेळाचं बारसं करून टाकलं. ते इंग्रजी नाव कोणाच्या तोंडात बसेना. कोणी 'डायनोसॉरवाला' म्हणून पाहिलं, तेही टिकलं नाही. खेळ झाला 'मुस्तफा'. आणि हे फक्त आमच्या गाळ्यात झालं नाही. मुलुंड, अंधेरी, बोरिवली, पुढे कळलं की देशात इतरत्रही, न सांगता न ठरवता लोकांनी हेच नाव ठेवलं. आजही चाळिशीतल्या कोणाला 'कॅडिलॅक्स' म्हणून बघा, तो तुमच्याकडे पाहत राहील. 'मुस्तफा' म्हणा, त्याचा अंगठा आपोआप हलेल.

या मशीनवर तिघांना एकत्र खेळता येई. शाळा सुटली की घोळका यायचा आणि दारातूनच ओरड सुरू व्हायची, "मुस्तफा कोण घेणार?" मग भांडण. मुस्तफा एक, आणि हवा सगळ्यांना. ज्याच्या वाट्याला जॅक आला तो रडवेला होऊन खेळायचा.

आता थोडं अवघड बोलतो. १९९२ चा डिसेंबर आणि १९९३ चा जानेवारी होऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. दंगलीने आमच्या उपनगरांचे नकाशे बदलले होते. कोणती गल्ली कोणाची, हे मुलांनाही पाठ झालं होतं. आमचं आडनाव इनामदार. ते दोन्हीकडे चालतं. लोकलमध्ये कोणी नाव विचारलं तर मी फक्त आडनाव सांगायचो. मराठी माझं स्वच्छ, त्यामुळे पुढे कोणी विचारायचं नाही. हे मी ठरवून करत होतो असं नाही. जीभ आपोआप तिथे थांबायची. कवितेखाली पूर्ण नाव लिहायचो, लोकलमध्ये अर्धं सांगायचो.

आणि त्याच दिवसांत मी रोज संध्याकाळी त्या गाळ्यात बसून ऐकत होतो, "मुस्तफा माझा!" "मुस्तफाला वाचव!" "मास्तर, मुस्तफा मेला, अजून एक टोकन द्या!" कपाळाला टिळा लावलेला एक बारका मुलगा होता. बाहेरच्या जगात माझ्यासारखं नाव मोठ्याने घ्यायची चोरी, आणि हा मशीनसमोर उभा राहून छातीवर हात आपटून सांगायचा, "मी मुस्तफा!"

एका खेळाने दंगल पुसली, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. हीच मुलं पडद्याबाहेर गेल्यावर काय बोलायची, तेही मी ऐकलेलं आहे. पण गाळ्यातला तो अर्धा-पाऊण तास खरा होता. पुढच्या वर्षी मी लोकलमध्ये पूर्ण नाव सांगू लागलो. त्याचं सगळं श्रेय त्या मशीनला देता येणार नाही. थोडं देतो.

पार्लर पुढे बंद पडलं. घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग कॉम्प्युटर आले. मीही विसरलो होतो. पण यंदा अंधेरीला भाच्याकडे गेलो, तर त्याच्या टीव्हीवर तेच चित्र. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने सांगितलं, 'मेम' नावाची एक कॉम्प्युटर प्रणाली आहे, निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ साली सुरू केलेली. ती जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करते. हा खेळ कंपनीने घरी खेळण्यासाठी म्हणून कधीच विकायला काढला नाही, त्यामुळे तो आज असाच मिळतो. कायद्याच्या दृष्टीने ही वाट सरळ नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पण दुसरी वाट फारशी नाही. कॅपकॉमच्या त्या काळातल्या काही बोर्डांवर एक छोटी बॅटरी असे. ती संपली की बोर्डातली गुप्त किल्ली पुसली जाई आणि खेळ धड चालेनासा होई. अमेरिकेतल्या एका संस्थेने २०२३ साली पाहणी केली. २०१० च्या आधी तिथे निघालेल्या खेळांपैकी सत्याऐंशी टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत, असं त्यांना आढळलं. आपल्या जुन्या पोथ्यांना वाळवीने खाल्लं. या खेळांची वाळवी त्यांच्या पोटातच होती.

मी भाच्याला म्हटलं, "हा खेळ क्लासिक आहे. आपल्या भाषेत, अभिजात."

तो हसला. म्हणाला, "मामू, जुना आहे म्हणा. क्लासिक वेगळं." आणि त्याने यादीच काढली. अमेरिकेत रॉचेस्टरला द स्ट्राँग नावाचं खेळांचं संग्रहालय आहे. त्यांनी २०१५ पासून व्हिडिओ गेमसाठी सन्मानाचं दालन सुरू केलं. पहिल्या वर्षी सहा खेळ निवडले : पाँग, पॅक-मॅन, टेट्रिस, सुपर मारिओ ब्रदर्स, डूम आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. त्यांच्या कसोट्या चार. खेळ सर्वांना ओळखीचा हवा, तो टिकलेला हवा, देशोदेशी पोचलेला हवा आणि त्याने पुढच्या खेळांवर प्रभाव टाकलेला हवा. "तुमच्या मुस्तफाचा प्रभाव कोणावर? तो १९८९ च्या 'फायनल फाइट'चाच धाकटा भाऊ. त्याच कंपनीचा, त्याच साच्यातला."

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, पण लोकांनी त्याचं नाव बदललं, ते? तो म्हणाला, "नावं बदलतातच. १९८० साली जपानमध्ये पॅक-मॅनचं नाव पक-मॅन होतं. अमेरिकेत कोणी एखादं अक्षर खरवडून त्याची शिवी करील, या भीतीने बदललं." मी म्हटलं, "ते कंपनीने बदललं, भीतीपोटी. हे पोरांनी बदललं, लाडापोटी. यात फरक नाही का?"

मंडळी, अभिजात हा शब्द आपल्याकडे अलीकडे फार ऐकू येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. त्यामागे रंगनाथ पठारे समितीचे कष्ट होते. नाणेघाटातले शिलालेख, गाथासप्तशती असे पुरावे मांडावे लागले. सरकारला कागद लागतो आणि तो लागायलाच हवा. पण जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायांकडे कसला कागद होता? भाषा दोन हजार वर्षं चालत आली ती शिलालेखांमुळे नाही. ती लोकांनी तोंडात ठेवली, आणि ठेवताना प्रत्येकाने थोडी आपल्यासारखी करून घेतली. आमच्या घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिणाऱ्या माणसाचं कागदोपत्री नाव तुकाराम होतं. लोकांनी त्यांना अण्णा भाऊ केलं. 'फकिरा' १९५९ साली आली आणि आजही वाचली जाते. आपलं केल्याशिवाय लोक काही जपत नाहीत.

खेळातही हे असंच चालतं. 'काँट्रा' खेळलेल्या कोणालाही विचारा : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. एवढं दाबलं की तीस जीव मिळायचे. ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने 'ग्रेडियस' या दुसऱ्याच खेळाच्या १९८६ च्या घरगुती आवृत्तीसाठी केली होती, कारण तपासताना तो खेळ त्यालाच जमेना. आमच्या पोरांना हाशिमोतो माहीत नव्हता. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. ओवी अशीच गावोगाव जाते.

मी हे सगळं भाच्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला, "मामू, तुम्ही खेळाला नाही, तुमच्या विशीला अभिजात म्हणताय."

हे वाक्य मला लागलं. घाटकोपरला परत येताना मेट्रोत मी त्याचाच विचार करत होतो. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणाला अभिजात म्हणते. कवी तर फारच. मला त्या खेळात खेळ दिसत होता, की एकविसाव्या वर्षीचा मी दिसत होतो, जो अर्धं नाव सांगायचा?

याची परीक्षा एकच होती. ज्याला यातलं काहीच आठवत नाही, अशा कोणाच्या तरी हातात खेळ द्यायचा. पुढच्या रविवारी आम्ही तो भाच्याच्या मुलीच्या हातात दिला. ती नऊ वर्षांची. तिला १९९३ माहीत नाही, पार्लर माहीत नाही, रुपयाचं टोकन माहीत नाही. बापाचं ऐकून तीही मला मामूच म्हणते. पडद्यावर चौघं उभे राहिले. मी श्वास रोखून बसलो. ती मुस्तफा घेणार, याची मला खात्री होती.

तिने हॅना घेतली.

मी म्हटलं, "अगं, मुस्तफा घे, तो सगळ्यात चपळ." ती म्हणाली, "नको, ही मुलगी आहे." आणि खेळू लागली. दुसऱ्या बॉसपाशी मेली. कॉम्प्युटरवर पाचचा आकडा दाबला की नाणं पडतं. तिने दाबला. परत मेली, परत दाबला. तासाभराने जेवायला हाक मारली तर उठेना. भाचा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

खरं सांगतो, आधी मला वाईट वाटलं. तीस वर्षं जे नाव मी सांभाळून ठेवलं, त्यावरून तिची नजर सहज पुढे गेली. पण मग वाटलं, त्या टिळा लावलेल्या मुलाने तरी वेगळं काय केलं होतं? त्याला चपळ व्हायचं होतं, म्हणून त्याने मुस्तफा उचलला. माझं दुःख त्याच्या हिशेबात नव्हतं. हिला मुलगी व्हायचं होतं, तिने हॅना उचलली. खेळात दोघांनाही जागा होती. नव्या माणसाला आत शिरायला अशी जागा जो खेळ किंवा जी कविता इतक्या वर्षांनीही ठेवते, तिला मी अभिजात म्हणेन. भाच्याच्या चार कसोट्यांमध्ये ही पाचवी घाला, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अजून पूर्ण कबूल नाही. म्हणतो, एका मुलीवरून सिद्ध होत नाही. बरोबर आहे, वाद चालू ठेवू.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर ती परत बसली आणि दुसरी जॉयस्टिक माझ्या हातात देऊन म्हणाली, "मामू, तुम्ही कोण घेणार?"

मी मुस्तफा घेतला. पहिल्याच स्टेजला मेलो. तिने माझ्यासाठी पाचचा आकडा दाबला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)