गाळलेली पाने

स्नातक मित्रहो, आज पदवी घेऊन बाहेर पडल्यावर तुमच्यातले काही जण पाठ्यपुस्तके तयार करतील, काही कायद्याच्या कलमांचा अर्थ लावतील, काही बातम्यांचे संपादन करतील. दुसऱ्यांनी काय वाचावे हे ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे येणार आहे. म्हणून एका पुस्तकातून गाळलेल्या पानांबद्दल मला बोलायचे आहे.

१८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय असतात; या प्रतीत जेमतेम २३२ उरले. भावांनी विकलेला, तरी धन्याशी इमान राखणारा योसेफ ठेवला. आपल्या लोकांना मिसर देशाच्या दास्यातून सोडवणारा मोशे गाळला. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातला उपदेश राहिला. ख्रिस्ताच्या ठायी दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही, हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन गेले. हैतीतल्या गुलामांनी बंड यशस्वी करून स्वतंत्र राष्ट्र उभारले, त्याला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. मळेवाल्यांची मर्जी सांभाळल्याशिवाय मिशनऱ्यांना गुलामांपर्यंत पोचता येत नव्हते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

धर्मग्रंथातून कुणीही हवा तो अर्थ काढू शकतो, मग त्याच्या प्रभावाची चर्चा कशाला, असे काही जण म्हणतात. हे मला पटत नाही. ग्रंथ इतका लवचीक असता, तर साडेनऊशे अध्याय वगळण्याची गरजच पडली नसती. आपल्याविरुद्ध साक्ष देणारी पाने कोणती, हे वगळणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. आणि वगळूनही ती थांबली नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक राज्यांत गुलामांना अक्षरे शिकवणे हा गुन्हा होता, तरी मोशे कानोकानी त्यांच्यापर्यंत पोचला. पळालेल्या गुलामांना उत्तरेकडे नेणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशे म्हणू लागले. मार्टिन ल्यूथर किंग ३ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये बोलले, तेव्हा वचनदत्त भूमी डोंगरावरून पाहणारा मोशेच त्यांच्या शब्दांत होता. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली.

याहून कठीण आक्षेप वेगळा आहे. राखलेली पानेही त्याच ग्रंथातली होती. परकीयांना दास म्हणून विकत घेण्याची मुभा लेवीय या पुस्तकात आहे. ती कुणी मागाहून घुसवलेली नाही. शिवाय मोशेची कथा सुटकेपाशी संपत नाही. सुटलेले लोक पुढे कनान जिंकतात, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांचा संहार होतो. सतराव्या शतकात अमेरिकेत उतरलेल्या प्युरिटन इंग्रजांनी स्वतःला इस्राएल, म्हणजे मोशेचे लोक, मानले. तिथल्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला कनानी लोकांची भूमिका आली. म्हणजे पीडितांना बळ देणारी कथा जेत्यांच्याही कामी येते. हे मान्य केलेच पाहिजे. मात्र मोशेने केलेली सुटका सांगणाऱ्या निर्गमाच्या पुस्तकातच एक आज्ञा आहे: परक्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता. नुकत्याच सुटलेल्या माणसांना हे बजावावे लागते, यातच मनुष्यस्वभावाची फार खोल जाण आहे. सोसलेले दुःख सत्ता हाती येताच विसरले जाते, आणि ते विसरणारी माणसे दुष्टच असतात असे नाही.

दावीद राजाची कथा याच जाणिवेतून आली आहे. त्याने उरीयाची पत्नी घेतली आणि उरीयाला रणात मारवले. नाथान संदेष्टा त्याला गरिबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दावीद संतापतो, त्या माणसाला मृत्युदंडाला पात्र ठरवतो. तो माणूस आपणच, हे नाथानने सांगेपर्यंत त्याच्या ध्यानात येत नाही. ज्या परंपरेने या राजाला आदर्श मानले, तिनेच त्याचा हा अपराध पुसला नाही, याचे मला मोल वाटते.

अमेरिकेतल्या गुलामांविषयी ऐकून संताप येणे सोपे आहे, कारण तो अन्याय दुसऱ्यांचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली दास्यप्रथा मोडणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावे, ही इच्छा त्यांनी तिथेच लिहिली. परदेशातल्या गोष्टीत त्यांना आपले घर दिसले होते.