ख्रिस्तभक्ती आणि पंथाची चौकट

धर्म ही व्यक्तीच्या अंतःकरणातील गोष्ट आहे, असे म्हणणारे पुष्कळ आढळतात; आणि धर्म हा समाजाला धरून ठेवणारा बंध आहे, असे म्हणणारेही तितकेच आढळतात. दोन्ही विधानांत तथ्य आहे, आणि म्हणूनच त्यांच्यातील तंटा मिटत नाही. जन्मापासून एकाच धर्मात व एकाच पंथात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा तंटा सहसा जाणवत नाही. परंतु ज्याने जाणत्या वयात, विचारपूर्वक आणि आप्तेष्टांचा रोष पत्करून नवा धर्म स्वीकारला, त्याला हा प्रश्न पदोपदी भेटतो. आपण शरण आलो ते कोणाला? देवाला, की देवाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या संस्थेला? एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ताकडे वळलेल्या काही थोर मराठी व्यक्तींना हा प्रश्न विलक्षण तीव्रतेने भेडसावला. त्यांपैकी तिघांनी त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली.

हा प्रश्न महाराष्ट्रात इतका तीव्र का व्हावा, हे समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. प्रॉटेस्टंट पंथांतील मतभेद हे युरोप व इंग्लंडच्या इतिहासातून उद्भवलेले आहेत. चर्चवर राजाचा अधिकार असावा काय, बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा तान्ह्या बालकाला द्यावा की जाणत्या माणसालाच द्यावा, या वादांपायी तेथील लोकांनी तुरुंगवास सोसला आणि देशत्यागही केला. हे सगळे वाद महाराष्ट्रात मात्र आयतेच जहाजातून उतरले. १८१३ मध्ये मुंबईस अमेरिकन मिशन आले ते काँग्रिगेशनल मताचे. त्यात प्रत्येक मंडळी स्वतंत्र, बिशप कोणी नाही. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी कोकणात आले. त्यांचा कारभार वडीलमंडळाच्या सभेने चालणारा. नाशिकजवळचे शरणपूर वसविले ते अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीने. वसईचे ख्रिस्ती तर सोळाव्या शतकापासून रोमन कॅथलिक. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात १८३१ पासून अमेरिकन मिशनचे ठाणे होते. पुढे तेथेच अँग्लिकनांची दुसरी एक संस्था काम करू लागली. परिणामी कोणत्या मराठी माणसाने कोणत्या पंथाचे व्हावे, हे बहुधा त्याच्या विचाराने ठरले नाही. त्याच्या गावात कोणाचा पाद्री प्रथम आला, यावर ते ठरले.

यात आणखी एक गोष्ट मिसळली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला घर, वतन, सोयरीक, पाणवठा, सगळ्यांनाच मुकावे लागे. त्याला आसरा देई ते मिशन. नोकरी, राहावयास जागा आणि मुलांना शाळा देई तेही मिशनच. ज्या हातातून भाकरी मिळते त्याच हातातून सिद्धान्तही मिळू लागला, म्हणजे सिद्धान्ताविषयी शंका काढणे ही केवळ बौद्धिक गोष्ट राहत नाही. या तिघांच्या निर्णयांचे मोल याच परिस्थितीत समजून घ्यावयाचे आहे.

पहिले नाव नीलकंठशास्त्री गोरे यांचे. १८२५ मध्ये जन्मलेले हे पंडित काशीत वाढले. मिशनऱ्यांचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ वाचावयास घेतले, आणि वादाचा शेवट १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्म्यात झाला. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. परंतु या प्रखर तार्किकाला स्वतःच्याच तर्काचा धाक वाटे. ख्रिस्ती झाल्यावरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. आज एक प्रमाण पटावे आणि उद्या त्याच प्रमाणाला छेद जावा, अशी त्यांच्या मनाची स्थिती होती. अशा माणसाला ‘आपला अंतरात्मा सांगेल तसे वागावे’ हा उपदेश उपयोगी पडत नाही, कारण अंतरात्मा दररोज निराळे सांगतो. गोरे यांनी आधार शोधला तो चर्चच्या प्राचीनतेत, परंपरेने चालत आलेल्या धर्माधिकारात आणि संस्कारांत. ते अँग्लिकन चर्चमधील परंपरावादी पक्षाकडे झुकले, १८७० मध्ये त्यांनी धर्मोपदेशकाची पूर्ण दीक्षा घेतली आणि पुढे काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून प्रवेश केला. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. पंथाची चौकट म्हणजे नुसता तुरुंग, असे समजणाऱ्यांनी गोरे यांचे चरित्र अवश्य पाहावे. बुडणाऱ्याला नावेच्या फळ्या जाचत नाहीत.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. आणि रमाबाईंना ख्रिस्ती मताकडे वळविण्यात गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, हे विशेष. तथापि गुरूला जेथे विसावा मिळाला, तेथे शिष्येचा श्वास कोंडला. रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आपली कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे त्यांच्यात व भगिनी जेराल्डाइन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ मध्ये मुंबईत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. धार्मिक स्वातंत्र्याचा इतका जिवंत दस्तऐवज आपल्याकडे विरळाच.

वाद मोठ्या विषयांवर होता आणि अगदी लहान विषयांवरही होता. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व, अथनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार, यांपैकी जे शास्त्रात स्वतःला आढळत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानावयास रमाबाई तयार नव्हत्या. उलट बाजूने, रमाबाईंनी अंड्याचे पदार्थ वर्ज्य करावेत, यातही मठातील भगिनींना जुन्या धर्माचा अवशेष दिसे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, असे मठाचे म्हणणे. आपल्याला न कळणाऱ्या भाषेपेक्षा संस्कृत शब्द का नसावेत, हा रमाबाईंचा प्रश्न. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी विरोध केला. पुरोहितवर्गाच्या अधिकाराला झुगारून आलेल्या या विदुषीला दुसऱ्या पुरोहितवर्गाचा अधिकार निमूटपणे मानणे शक्य नव्हते, आणि तसे त्यांनी स्पष्ट कळविले. प्रेमाने आश्रय देणाऱ्या माणसांना असे उत्तर देणे किती अवघड असते, याची कल्पना पत्रे वाचताना येते. कारण भगिनी जेराल्डाइन दुष्ट नव्हत्या, त्या कळकळीच्या होत्या. रमाबाईंना त्यांचे प्रेम हवे होते, त्यांची देखरेख नको होती.

पुढे मुंबईत १८८९ मध्ये रमाबाईंनी शारदा सदन काढले, तेव्हा प्रसंग उलटला. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार म्हणून असलेला आपला संबंध सोडला. मठाच्या दृष्टीने ज्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, त्याच रमाबाई सुधारकांच्या दृष्टीने अतिरिक्त ख्रिस्ती ठरल्या. स्वतः रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात एक मार्मिक भेद केला आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता. तो लाभण्यास आणखी आठ वर्षे जावी लागली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले ते या अनुभवावर. तेथील मंडळी कोणत्याही एका पंथाला बांधलेली नव्हती, आणि निरनिराळ्या पंथांचे लोक तेथे काम करीत. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते साध्या बायकांना समजावे म्हणून. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शास्त्र आणि वाचक यांच्यामध्ये कोणी उभे राहू नये, हे इंग्लंडात मांडलेले म्हणणे त्यांनी अखेर अशा रीतीने सिद्धीस नेले.

तिसरे नाव नारायण वामन टिळक यांचे. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो कोणत्या पंथाचा, याची टिळकांनी विचारपूस केली नाही. पुस्तक वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा त्यांच्यापासून दुरावले, ते काही वर्षांपर्यंत. टिळक अमेरिकन मिशनच्या आश्रयाने नगरास राहिले, तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकविले, १९०४ मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले.

परंतु इंग्रजी चालींवर बेतलेली, भाषांतराचा वास असलेली गीते गाऊन मराठी माणसाचे मन देवापाशी जात नाही, हे या कवीला स्पष्ट दिसत होते. त्यांनी ख्रिस्ताची भजने अभंगांत रचली, ख्रिस्तचरित्र कीर्तनातून सांगितले, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते मोकळेपणाने सांगत. लक्ष्मीबाईंची वाट आणखी निराळी. त्यांना पंथाचे सिद्धान्त कोणी पटवून दिले नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा एकच प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, आणि ज्या दिवशी तो सुटला त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हा प्रसंग त्यांनी किती साधेपणाने सांगितला आहे, हे वाचकांना विदित आहेच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. दोन दशकांचा आश्रय आणि निश्चित पगार सोडून ते साताऱ्यास गेले, आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एक बंधुसंघ स्थापिला. त्याची कल्पना धाडसी होती. ख्रिस्ताला मानणारा माणूस, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात सारख्याच मानाने बसणार होता. कोणत्या पंथाचा दाखला आहे, हे तेथे विचारले जाणार नव्हते. मिशनशी त्यांनी वैर धरले नाही. मात्र परकीय पैशावर व परकीय देखरेखीखाली असलेली मंडळी ही आपल्या देशाची मंडळी कधीही होणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली, आणि त्याच्या प्रवर्तकामागे तो फार काळ टिकला नाही.

या तीन चरित्रांवरून काय निष्पन्न होते? व्यक्तीची श्रद्धा खरी आणि पंथ खोटे, असा सोपा निवाडा करण्याचा मोह होतो. पण वस्तुस्थिती त्याला साक्ष देत नाही. तिघांपैकी एकानेही एकट्याने राहणे पत्करले नाही. गोरे जुन्या घरात गेले. रमाबाईंनी व टिळकांनी नवी घरे बांधली. आणि नव्या घरांनाही जुन्या घरांचे नियम लागू झाले. दुष्काळाच्या काळात मुक्तीतील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींचा संसार शिस्तीवाचून चालत नाही, आणि शिस्त आली की अधिकार येतो. संस्थापकाची सद्सद्विवेकबुद्धी हाच मग इतरांचा कायदा होऊ पाहतो. दरबाराने अशी शिस्त घातली नाही, म्हणून तो मोकळा राहिला. आणि कदाचित त्याचमुळे तो विरूनही गेला.

पंथांनीही काळाच्या ओघात काही शिकून घेतले. अमेरिकन व स्कॉटिश मिशनांच्या मंडळ्या १९२४ मध्ये एका संघात आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट इत्यादी सहा संघांचे मीलन होऊन उत्तर भारताचे चर्च अस्तित्वात आले. नगरच्या शेतकऱ्याला जहाजातून मिळालेला भेद, निदान कागदोपत्री, तेथे पुसला गेला. मालमत्तेचे व अधिकाराचे तंटे त्यामुळे संपले असे नव्हे. परंतु आपले वेगळेपण हे ख्रिस्ताने दिलेले नसून इतिहासाने दिलेले आहे, एवढी कबुली त्यात होती. ही गोष्ट रमाबाईंनी सुमारे पंचाऐंशी वर्षांपूर्वी, एकटीने, परक्या देशात, आश्रयदात्यांच्या घरात बसून लिहिली होती.

आणि टिळकांचे काय राहिले? मिशन सोडून गेलेल्या या कवीची भजने जपली ती मंडळ्यांनीच. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि रविवारच्या उपासनेत निरनिराळ्या पंथांचे मराठी ख्रिस्ती ती एकाच सुरात गातात. दरबाराची सभासदयादी आज कोणाला स्मरत नाही. मात्र त्या गीतांपुरता दरबार अद्याप भरतो, तो नेमका त्याच भिंतींच्या आत, ज्या टिळकांना अपुऱ्या वाटल्या होत्या.