पान लागलं तर घड्याळ बघा

(पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या ठाणे जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून भाताच्या भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलांवर झाले. आता हा माणूस सापावर काय बोलणार, असे काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे. माझे म्हणणे इतकेच की भाव घ्यायलासुद्धा माणूस जिवंत असावा लागतो. पंधरा दिवसांत पाऊस धरेल. राबात रोपे वर येतील, आवण्या सुरू होतील, बांधावरचे गवत गुडघ्याला लागेल. बिळांत पाणी शिरले की जनावरे बाहेर पडतील आणि त्याच वेळी, त्याच बांधावर आपण अनवाणी उतरू. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण, तालुका कोणताही घ्या; ह्या चार महिन्यांत कोणाला तरी पान लागल्याची बातमी येतेच. आणि माणूस गेला की आपण म्हणतो, त्याची वेळ भरली होती.

वेळ भरली होती, की वेळ गेली होती? आज मला एवढेच विचारायचे आहे.

साप एकच, माणसे दोन

१९९४ सालचा श्रावण. माझा थोरला चुलतभाऊ ओटीवर घोंगडी टाकून झोपला होता. रात्री दोनच्या सुमारास पोटात कळ आली म्हणून उठला. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. काकीने ओव्याचे पाणी दिले. पहाटे त्याला पापण्या उचलवेनात. घरच्यांना वाटले, रात्रभर जागला, झोप आली असेल. मग कोणी तरी घोंगडी झटकली आणि तिच्या घडीतून काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार निघाली. भगताला बोलावले. त्यात दोन तास गेले. मग जीप शोधली. सरकारी दवाखाना गाठला तेव्हा नऊ वाजले होते. तिथे औषध शिल्लक नव्हते, पुढे शहरात न्या म्हणाले. शहर दिसायला लागले तेव्हा त्याचा श्वास थांबला. वय एकतीस. मागे बायको, दोन पोरे आणि सोसायटीचे कर्ज.

दुसरी गोष्ट अलीकडची. आमच्याच बाजूच्या पाड्यावर एक कातकरी मुलगी जमिनीवर झोपली होती. तिलाही मण्यारच चावली. बापाने साप पाहिला. त्याने कोणालाही विचारले नाही. शेजाऱ्याला उठवले, मोटारसायकलवर मुलीला दोघांच्या मध्ये बसवले आणि अर्ध्या तासात दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरने औषध चढवले. मुलीचा श्वास मंदावला तेव्हा तोंडाला रबरी फुगा लावला आणि रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत तो हाताने दाबत राहिला. अकराव्या दिवशी मुलगी पायांनी चालत घरी आली.

साप तोच, विष तेच. माझा भाऊ काही अशक्त नव्हता, पोत्यावर पोते उचलणारा गडी होता. त्याला दवाखान्यात पोहोचायला सात तास लागले आणि ह्या पोरीला अर्धा तास. सगळा हिशेब एवढाच आहे.

न मोजलेली माणसे

ही आमच्या एका गावची गोष्ट नाही. देशभरातल्या मृत्यूंचा घरोघर जाऊन अभ्यास झाला. त्याचे आकडे २०२० साली प्रसिद्ध झाले. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, म्हणजे रोज दीडशेच्या वर. त्यातले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले आणि बहुतेक सगळे खेड्यातले. ह्याच अभ्यासाचा आधीचा भाग २०११ साली आला होता. त्यात असे दिसले की चारांतले तीन जण दवाखान्याच्या बाहेरच मेले. घरी, नाही तर वाटेत. जो दवाखान्यात मरत नाही तो सरकारच्या वहीत चढत नाही. जो वहीत नाही त्याच्यासाठी औषध मागवले जात नाही.

डोंबिवलीत एखाद्या इमारतीच्या जिन्यात साप निघाला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. पाड्यावर माणूस मेला तर चार ओळीही येत नाहीत. शहरवाल्यांवर माझा राग नाही. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातशेती होती, आज तिथे टॉवर उभे आहेत. शेत गेले, उंदीर राहिले, मग साप दुसरीकडे कुठे जाईल? पण शहरात सर्पमित्र तासाभरात येतो आणि हाकेच्या अंतरावर रुग्णालय असते. टोकावड्याच्या माणसाला कल्याण पन्नासएक किलोमीटर पडते.

मारून संपत नाहीत

काही जण म्हणतील, मग दिसेल तो साप ठेचा. हा उपाय सरकारने करून पाहिला आहे. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांना कंटाळून सरकारने दर फुरशामागे बक्षीस लावले. १८६२ सालच्या डिसेंबरात आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारून आणली गेली. तिजोरी दमली, फुरसे काही संपले नाही. आजही कोकणात दगड उचलला की ते आहेच.

आपल्या शिवारात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार घातक साप. डोंगरात हिरवा चापडाही सापडतो. बाकी धामण, दिवड, नानेटी, तस्कर, कवड्या, गवत्या, अजगर ह्यांच्यापैकी कोणाच्याही विषाने माणूस मरत नाही. आपण मात्र सर्वांत जास्त मारतो ती धामण, कारण ती लांब असते, दिवसा फिरते आणि पळताना दिसते. हीच धामण उंदराच्या बिळात शिरते, जिथे मांजर शिरू शकत नाही. भात निसवल्यावर उंदीर किती लोंब्या तोडतो ते तुम्हाला मी सांगायला नको. उंदरासाठी आपण विकतचे औषध घालतो आणि फुकटात काम करणाऱ्या गड्याला काठी घालतो. असला धंदा जगात दुसरा कोणी करीत नसेल.

मांडुळाचे लाख

साप बाळगण्याबद्दलही दोन शब्द बोलतो, कारण तरुण पोरे त्यात अडकत आहेत. मांडूळ म्हणजे दुतोंड्या. त्याला तोंड एकच, शेपूट बोथट म्हणून दोन दिसतात. मऊ मातीत राहतो, उंदीर खातो, विष नाही. पण त्याच्यामुळे गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, अमुक वजनाचा मिळाला तर लाख रुपये देतो, असे सांगणारी माणसे गावोगाव फिरतात. धन कोणाला मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. मांडुळासह पकडलेल्यांच्या बातम्या मात्र ठाणे जिल्ह्यातून पुनःपुन्हा येतात. आणणारा आपला पोरगा आत जातो, मागणी करणारा गाडीतून पसार होतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साप पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. घोरपडीला आणि चांदण्याच्या पाठीच्या कासवालाही तोच कायदा लागू आहे. आणि मोबाईलवर चित्र काढण्यासाठी नाग गळ्यात घालणाऱ्यांना माझे सांगणे आहे की नाग कोणाचा पाळीव होत नाही. तो दूध पीत नाही आणि उपकारही ओळखत नाही. घरात साप निघाला तर लांब उभे राहा, पोरांना मागे ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा.

भगताला बरोबर घ्या

मी भगताला शिव्या घालायला उभा नाही. आमच्या भगताने माझ्या भावासाठी रात्रीचे जेवण सोडले होते, तो वाईट माणूस नव्हता. पण त्याला गुण का येतो ते समजून घ्या. बहुतेक साप बिनविषारी, त्यामुळे बहुतेक दंशही बिनविषारी. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. ही सगळी माणसे मंत्राशिवायही जगली असती. ती जगली की नाव भगताचे होते. खरे विष उतरलेला एकटा मरतो, तेव्हा त्याची वेळ भरली होती असे आपण म्हणतो. म्हणून भगताला सांगा, बाबा, मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हण, आम्ही निघालो.

काय करायचे, काय नाही

पान लागले की पहिल्यांदा घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तेच विचारणार आहे. माणसाला धीर द्या, चालवू नका, पळवू नका. बांगड्या, जोडवी, अंगठ्या, करगोटा ताबडतोब काढा. नंतर सूज आली की निघत नाहीत. हाताला किंवा पायाला हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी बांधून तो हलता ठेवू नका. आवळून दोरी बांधू नका. घोणशीच्या दंशात दोरीने रक्त अडून पाय सडतो. ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका, मिरची किंवा पाला खायला घालू नका. १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. ओकारी येत असेल, गुंगी येत असेल तर कुशीवर निजवून न्या.

साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ह्या चारही सापांवर औषध एकच आहे. घोणस किंवा फुरशाचे विष असेल तर रक्त गोठत नाही. डॉक्टर काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे ठेवतो आणि नळी कलती करून बघतो. इतकी ती साधी तपासणी आहे. मण्यारीच्या दंशाला मात्र खूण नसते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले आणि पापण्या पडू लागल्या, तर अंगावर काही दिसो वा न दिसो, सर्पदंश समजून निघा.

आणि आधीची काळजी. आवणीत बूट चालत नाहीत, चिखल पाय धरून ठेवतो, हे मलाही कळते. पण गवत कापताना, बांधावरून जाताना बूट चालतात. कापणीच्या वेळी पेंडी उचलण्याआधी काठीने हलवा, खाली घोणस निजलेली असते. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला तर पाऊल मागे घ्या. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोवाव्यात. खाट मिळाली तर फारच चांगले.

आता आपले मागणे

सापाच्या विषावरचे औषध घोड्यापासून होते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात आणि त्याच्या रक्तात जी प्रतिकारशक्ती तयार होते ती काढून घेतात. परळच्या हाफकिन संस्थेत गेल्या शतकात हे काम उभे राहिले. त्याला लागणारे विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतून येत आले आहे. तिथल्या इरुळा आदिवासींनी १९७८ साली साप पकडून विष काढण्याची सहकारी संस्था काढली. त्यांच्यातल्या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे ऋण मानूनही एक प्रश्न राहतो. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रमाणे बदलते, असे संशोधक सांगतात. मग आपल्या मातीतल्या सापाच्या विषापासून आपल्यासाठी औषध का होऊ नये?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातला. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. आराखडा कागदावर चांगला आहे. तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात उतरला आहे का, हे बघण्याचे काम आपले.

म्हणून प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने पाऊस पडण्याआधी आपल्या केंद्रात जाऊन चार प्रश्न विचारावेत. औषधाच्या बाटल्या किती आहेत? सुरुवातीलाच आठ-दहा लागतात, दोन असून भागत नाही. त्यांची मुदत कधी संपते? रात्री औषध देणारा डॉक्टर हजर असतो का? ह्या औषधाची कधी कधी उलटी प्रतिक्रिया येते, म्हणून काही डॉक्टर हात आखडतात आणि रोग्याला पुढे ढकलतात. तेव्हा ती आवरण्याची तयारी आणि श्वासाचा फुगा तिथे आहे का? उत्तरे वहीत लिहा, खाली तारीख घाला आणि तालुक्याला द्या. भांडण करायला जाऊ नका, मोजायला जा.

शेवटचे पैशाचे. गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा अनुदान योजनेत सर्पदंशाने मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात. ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला लागू आहे. तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पण ज्याच्या घरात सातबाराच नाही, तो कातकरी मजूर आपल्याच बांधावर, आपलेच गवत कापताना गेला तर त्याच्या बायकोला ह्यातून काही मिळत नाही. सापाने चावताना सातबारा बघितला नव्हता. सरकारनेही तो बघू नये, असा ठराव ह्या बैठकीने करावा अशी माझी विनंती आहे.

माझ्या भावाच्या घरी आजही नागपंचमीला काही चिरत नाहीत, तवा चुलीवर ठेवीत नाहीत. वहिनी पाटावर नाग काढून हळदकुंकू वाहते. सापावर तिचा राग नाही. ती मला एकदाच म्हणाली, "भाऊजी, त्या रात्री कोणी घड्याळ बघितलं असतं तर."

यंदा बघा.